रकाना नववा

केप्याच्या पोलीस ठाण्यात माझं टेबल
जप्तीच्या मोटारसायकलींकडे तोंड करून आहे.
एकीच्या फाटक्या सीटमधून सावरीचं रोप आलंय.
पंचनाम्यात त्याची नोंद नाही.

तीन वर्षांच्या स्टेशन डायऱ्या
मी एका तक्त्यात उतरवल्या, चौदा रकान्यांत.
हवालदार मिंगेल फुर्तादोंचं अक्षर माशाच्या काट्यासारखं,
कुठे 'मारामारी', कुठे 'मारुती',
कळायला त्यांच्या घरी फोन लावावा लागे.
निवृत्त माणूस, पेज जेवता जेवता सांगायचा,
"मारुतीच ती गो, पांढरी. दार नव्हतं तिला."

मग नकाशा काढला.
एक गुन्हा, एक लाल ठिपका.
बसस्टँडमागच्या भाड्याच्या खोल्यांवर
गोवर उठावा तसा कागद लाल झाला.
गदग-बागलकोटची माणसं राहतात तिथे,
दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधतात.
साहेब म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?
रात्रीची गस्त दुप्पट लाव."

गस्तीचा कागद टाइप केला.
सही राहिली होती, साहेब जेवायला गेले होते,
म्हणून, हाताला चाळा,
तक्ता नवव्या रकान्यावर लावून पाहिला:
फिर्याद कोणी दिली.

सरकारतर्फे. सरकारतर्फे. सरकारतर्फे.
म्हणजे आम्हीच.
ओळखपत्र नाही. उघड्यावर दारू. संशयास्पदरीत्या उभा.
संशयास्पदरीत्या म्हणजे कसा
ते मी खुर्चीतून उठून एकदा उभी राहून पाहिलं.
त्या सगळ्या ओळी बाजूला काढल्या
तर गोवर उतरला, खाली राहिल्या
चोरीला गेलेल्या दोन सायकली आणि पाण्याचा एक पंप.

फुर्तादोंना सांगितलं. बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "आमी वतात थंयच मेळटात गो.
तीस वर्सां टॉर्च थंयच मारली."

टॉर्च जिथे मारली नाही तो सुळाभाट वाडा.
दीडशे घरं, तीन वर्षं, एक ठिपका नाही.
इतकी सज्जन माणसं
मी माझ्या माहेरीसुद्धा पाहिली नाहीत.

आलेल्या फोनांचं रजिस्टर वेगळं असतं,
ते तक्त्यात कोणी घालत नाही.
घातलं.
सुळाभाटातून सव्वीस फोन, नंबर फक्त चार,
शेरा एकच: 'बोलले नाहीत. कट.'
सव्वीसातले एकोणीस शनिवारचे,
रात्री नऊ ते अकरा.
शनिवारी खाणीवरचा आठवड्याचा पगार होतो,
हे मला तक्त्याने नाही, चहावाल्याने सांगितलं.

गेले. साडेआठला, गणवेशात,
जीप खुरसापाशी ठेवून पायी.
पहिल्या नंबराच्या बाईने पाणी दिलं.
पेला धरलेलं मनगट
तिने दुसऱ्या हाताने झाकलं होतं.
मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.
निघताना पायरीवरून म्हणाली,
"फुडल्या शनिवारीही येणार?"

मार्चअखेर सुळाभाटावर नऊ ठिपके.
मडगावच्या बैठकीत वरच्या साहेबांनी चष्मा काढला,
"शून्यावरून नऊ? काय चाललंय तुमच्या हद्दीत?"
आमचे साहेब माझ्याकडे बघत राहिले.
मी तयारी करून गेले होते, दोन पानं, एक आलेख.
तोंडातून एवढंच आलं,
"सर, आता ते फोन ठेवत नाहीत, बोलतात."
कोणीतरी खोकलं.
पुढच्या ठाण्याचे आकडे सुरू झाले.

गस्तीचा तो कागद
अजून माझ्या खणात आहे, सहीविना.
साहेबांनी मागितला नाही, मी दिला नाही.

चौथा नंबर अजून कट होतो.
त्याच्यासाठी पंधरावा रकाना आखलाय.
मथळा सुचलेला नाही.